जुन्या गोव्याची बासिलिका : चांदीची पेटी, संगमरवरी चौथरा आणि पावसात झिजणारा जांभा

सावंतवाडी, दोडामार्ग, बांदा, वेंगुर्ला या भागातून गोव्याला जाणं-येणं रोजचंच आहे. कुणी नोकरीला जातं, कुणी भाजी-फुलं घेऊन बाजाराला, कुणी बांबोळीच्या दवाखान्यात पेशंटला भेटायला. सहल निघाली की मंगेशी, कवळे आणि जाता जाता ओल्ड गोवा हे ठरलेलं. ओल्ड गोव्याला गाडी थांबते, लाल दगडाच्या मोठ्या चर्चसमोर फोटो निघतात, आत एक फेरी होते आणि वीस मिनिटांत सगळे परत गाडीत.

त्या वीस मिनिटांत डोळ्यांसमोरून काय काय गेलं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. इटलीत कोरलेला संगमरवर, गोव्याच्या सोनारांनी घडवलेली चांदीची पेटी, वसईहून आलेला काळा दगड, सोन्याचा वर्ख चढवलेली लाकडी वेदी. यातल्या बहुतेक गोष्टी सव्वातीनशे ते चारशे वर्षांपूर्वीच्या आहेत. आणि ज्या भिंतींनी हे सगळं सांभाळलंय, त्या भिंती दर पावसाळ्यात थोड्या थोड्या झिजतायत. म्हणून ही सविस्तर माहिती.

चर्च कधी बांधलं, कुणी बांधलं

या चर्चचं नाव बासिलिका ऑफ बॉम जेझस. पोर्तुगीज भाषेत ‘बॉम जेझस’ म्हणजे चांगला किंवा कृपाळू येशू. इथे बाळ येशूची भक्ती होते. जेझुइट नावाच्या पाद्र्यांच्या संघाने हे चर्च उभारलं. पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४ ला झाली आणि १५ मे १६०५ ला गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या हातून ते पूजेसाठी खुलं झालं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पंचवीस वर्षं आधी.

बांधकामाला पैसा लागला तो मोठा वाटा दों जेरोनिमो मास्कारेन्यास या पोर्तुगीज सरदाराच्या मृत्युपत्रातून आला. तो कोचीनचा आणि नंतर इराणच्या आखातातल्या ओर्मुझचा कप्तान होता. १५९३ मध्ये तो वारला आणि आपली मालमत्ता चर्चच्या कामाला ठेवून गेला. त्याच्या स्मरणार्थ सोनेरी मुलामा दिलेलं कांस्य धातूचं एक स्मारक चर्चच्या आतल्या भिंतीत, प्रवचनाच्या व्यासपीठासमोर, आजही बघायला मिळतं. बरेच लोक त्याच्या समोरून जातात, पण बघत नाहीत.

१९४६ मध्ये पोपनी या चर्चला ‘बासिलिका’ हा मानाचा दर्जा दिला. १९८६ मध्ये गोव्याची चर्च आणि मठ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्यात ही बासिलिका आहे. इमारत भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि पूजा-प्रार्थना चर्चच्या ताब्यात. म्हणजे हे संग्रहालय नाही, चालतं-बोलतं देवस्थान आहे.

दर्शनी भिंत : जांभा आपला, काळा दगड वसईचा

चर्चची लांबी साधारण १८३ फूट, रुंदी ५५ फूट आणि उंची ६१ फूट. सगळा सांगाडा जांभ्याच्या चिऱ्यांचा आहे. आपल्याकडे घराला, गडग्याला, विहिरीला वापरतात तोच जांभा. पण जांभ्यात बारीक नक्षी निघत नाही, कोपरा धरला तर तुटतो. म्हणून दर्शनी भागातले खांब, कमानी, वेलबुट्टी यासाठी काळा बसाल्ट दगड वापरला. तो दगड वसईच्या बाजूने समुद्रमार्गे आणला गेला. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडेच होती.

दर्शनी भिंतीच्या अगदी वर, मधोमध, एका चौकटीत तीन अक्षरं कोरलेली दिसतात : आय, एच, एस. येशूच्या नावाची ही खूण, आणि तीच जेझुइट संघाची निशाणी. ही खूण आतही वेदीवर परत दिसते.

आत गेल्यावर समोर : सोन्याची वेदी

दारातून आत पाऊल टाकलं की समोर जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत सोनेरी भिंत दिसते. ती भिंत नाही, मुख्य वेदी आहे. सगळं काम लाकडाचं आणि त्यावर सोन्याचा वर्ख.

खाली बाळ येशूची छोटी मूर्ती आहे. तिच्या वर जवळजवळ दहा फुटी मोठी मूर्ती आहे ती संत इग्नेशियस लोयोला यांची. हे जेझुइट संघाचे संस्थापक. मूर्तीची मान वर आहे आणि नजर वरच्या सोनेरी चक्राकडे आहे. त्या चक्रात तीच तीन अक्षरं आहेत. त्याच्याही वर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या आकृती आहेत. ज्याला वाचता येत नाही त्यालाही खालून वर नजर नेली की गोष्ट कळावी, अशी ही मांडणी. आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवतात किंवा कोरतात, तसाच हा विचार.

असं सोनेरी काम कसं करत? लाकूड कोरून झालं की त्यावर पांढऱ्या लेपाचे हात देत, मग लालसर मातीचा पातळ हात, त्यावर हातोडीने ठोकून कागदाहून पातळ केलेला सोन्याचा वर्ख चिकटवत आणि गुळगुळीत दगडाने घासून चमक आणत. सोनं त्यामानाने थोडंच लागतं, पण हात सराईत लागतो. आणि आतलं लाकूड जर ओलीने फुगलं किंवा वाळवीने पोखरलं, तर वरचं सोनं पापुद्र्यासारखं सुटून येतं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

डाव्या-उजव्या भिंतीकडे लक्ष दिलं तर कोरीव लाकडी व्यासपीठ दिसेल. त्याच्यावर छत्री आहे, अंगावर येशू, चार शुभवर्तमानकार आणि चर्चचे थोर आचार्य कोरलेले आहेत, आणि तळाला सात आकृत्या तो सगळा भार अंगावर घेतल्यासारख्या दाखवल्यात. माईक नसण्याच्या काळात पाद्री इथून उंचावरून बोलत आणि वरच्या छत्रीमुळे आवाज लोकांपर्यंत पोचत असे.

सेंट झेवियर कोण होते

बासिलिकेत गर्दी होते ती मुख्यतः सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या पार्थिवासाठी. गोव्यात लोक त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात. झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ चा, आजच्या स्पेनमधल्या नावारा भागातला. ६ मे १५४२ ला ते गोव्यात उतरले. इथून पुढची दहा वर्षं दक्षिण भारताचा किनारा, मलाक्का, इंडोनेशियाची बेटं, जपान असा त्यांचा प्रवास झाला. चीनमध्ये शिरण्याची वाट बघत असताना चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर डिसेंबर १५५२ मध्ये ते तापाने वारले. वय ४६.

त्यांना तिथेच पुरलं, वर चुना टाकला. काही महिन्यांनी उकरलं तेव्हा देह फारसा बिघडलेला नव्हता असं त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलंय. मग देह मलाक्काला आणि तिथून मार्च १५५४ मध्ये गोव्यात आणला गेला. सुरुवातीला तो सेंट पॉल कॉलेजमध्ये होता. १६२२ मध्ये त्यांना संत घोषित केलं गेलं आणि त्यानंतर देह बॉम जेझस चर्चमध्ये आला. १६१४ मध्ये रोमच्या आदेशावरून उजवा हात कोपराखाली काढून रोमला पाठवला गेला. तो तिथल्या जेझुइट चर्चमध्ये आजही आहे.

चांदीची पेटी : गोव्याच्या सोनारांचं काम

वेदीच्या उजव्या अंगाला असलेल्या छोट्या दालनात उंचावर चांदीची पेटी दिसते. देह त्याच पेटीत आहे. ही पेटी १६३६-३७ मध्ये गोव्यातच घडवली गेली. आराखडा मार्सेलो मास्त्रिली या इटालियन पाद्र्याने सुचवला आणि काम केलं गोव्यातल्या सोनारांनी. पेटीच्या चारी बाजूंना झेवियर यांच्या आयुष्यातले ३२ प्रसंग चांदीच्या पत्र्यावर उठावात काढलेत.

हे काम पत्रा मागून ठोकून उठाव काढायचं आणि पुढून बारीक रेघा मारून साफ करायचं. आपल्याकडच्या देवळांत देवाचा मुखवटा, प्रभावळ, पालखीचा पत्रा याच पद्धतीने घडवतात. हात तोच, विषय वेगळा.

त्या काळात गोव्यात चर्चसाठी मूर्ती आणि भांडी घडवणारे बरेच कारागीर हिंदू होते. १६व्या शतकात हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती घडवू नयेत असे हुकूमही निघाले होते. पण काम करणारे हात तेच होते, त्यामुळे काम चालूच राहिलं. म्हणून गोव्यातल्या जुन्या चर्चमध्ये बारकाईने बघितलं तर ओळखीच्या खुणा सापडतात. काही व्यासपीठांच्या खाली नागीण कोरलेली आहे, वर बाई आणि खाली शेपूट. हस्तिदंताचा बाळ येशू मेंढ्या राखत डोळे मिटून बसलेला असतो, आणि त्याची बैठक बघून बुद्ध किंवा बाळकृष्ण आठवतो. हा हस्तिदंत जहाजातून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून यायचा आणि कोरला जायचा गोव्यात.

खालचा चौथरा : फ्लॉरेन्सहून आलेल्या पेट्या

चांदीची पेटी ज्या उंच चौथऱ्यावर ठेवलीय तो चौथरा म्हणजे स्वतंत्र कलाकृती आहे. इटलीतल्या तोस्काना प्रांताचा राजा, तिसरा कोसिमो द मेदिची, याला झेवियर यांच्या डोक्याखालची उशी भेट मिळाली. त्याबद्दल त्याने हा चौथरा करून पाठवला. शिल्पकार होता फ्लॉरेन्सचा जोव्हान्नी बातिस्ता फोज्जीनी. काम पुरं व्हायला दहा वर्षं लागली. रंगीत जास्पर दगड आणि संगमरवर वापरून टप्प्याटप्प्याने वर जाणारी ही रचना आहे. मधल्या टप्प्यात चार बाजूंना कांस्य धातूच्या चार पाट्या आहेत. त्यावर झेवियर प्रवचन देताना, बाप्तिस्मा देताना, हल्ल्यातून जीव वाचवून निघताना आणि शेवटी बेटावर प्राण सोडताना दाखवलेत.

सगळे भाग सुटे करून पेट्यांत भरून जहाजाने गोव्यात आणले. जोडायला प्लासिदो रामपोनी नावाचा कारागीर इटलीहून बरोबर आला आणि १६९८ मध्ये चौथरा उभा राहिला. रामपोनीने प्रवासाची रोजनिशी लिहून ठेवली. सव्वातीनशे वर्षांपूर्वी क्रेन नाही, ट्रक नाही, अशा काळात एवढा जड आणि नाजूक माल अर्ध्या जगाला वळसा घालून आला आणि जागेवर बसला.

संभाजी महाराज आणि पेटीजवळ ठेवलेला दंड

या पेटीशी मराठ्यांच्या इतिहासाचाही एक धागा जोडलेला आहे. १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्यावर चढाई केली. छत्रपती संभाजी महाराज स्वतः धावून आले आणि त्याला माघार घ्यावी लागली. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये मराठ्यांनी रातोरात जुवें बेट घेतलं. ते गोवा शहराच्या अगदी जवळ. परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय कसाबसा जीव वाचवून आला.

तेव्हा हतबल व्हाइसरॉय बॉम जेझसमध्ये गेला, झेवियर यांची पेटी उघडायला लावली आणि आपल्या अधिकाराचा दंड देहाजवळ ठेवून राज्य वाचवण्याची प्रार्थना केली. पुढे मुघल शहजादा शाहआलम याची फौज रामघाटातून खाली कोकणात उतरली आणि संभाजी महाराजांना गोव्याचा वेढा सोडून तिकडे वळावं लागलं. भाविकांनी ही सायबाची कृपा मानली. इतिहासाच्या अंगाने बघितलं तर कारण मुघल फौज हे आहे. पण त्यानंतर नवा येणारा गव्हर्नर पदभार घेताना याच पेटीजवळ येऊन दंड घेऊ लागला. दोडामार्ग तालुक्यातल्या लोकांना रामघाट नवा नाही. त्या घाटाची एक गोष्ट अशी थेट जुन्या गोव्याच्या चर्चपर्यंत जाते.

दुसरी बाजूही माहीत हवी

जुना गोवा बघताना इतिहासाची कडू बाजू झाकून चालणार नाही. पोर्तुगीज काळात तिसवाडी, साष्टी, बारदेशातली देवळं पाडली गेली. मंगेशीचा देव कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला नेली गेली ती याच काळात. गोवा सोडून आपल्या बाजूला आलेली कितीतरी घराणी आजही कुलदैवताला गोव्यात जातात. झेवियर यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, हवं असं म्हटलं होतं. ते आलं १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, आणि १८१२ पर्यंत राहिलं.

हे खरं आहे. आणि सेंट झेवियरच्या फेस्ताला सगळ्या धर्मांची माणसं रांगेत उभी राहतात, हेही तितकंच खरं आहे. वस्तू जपायच्या त्या दोन्ही गोष्टी पुढच्यांना कळाव्यात म्हणून.

शहर गेलं, बासिलिका कशी राहिली?

एके काळी हे शहर पोर्तुगीजांच्या सगळ्या पूर्वेकडच्या राज्याची राजधानी होतं. पण साथीच्या रोगांनी माणसं मेली, व्यापार आटला. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. त्याच १७५९ साली पोर्तुगाल सरकारने जेझुइट संघाला हाकललं आणि त्यांची मालमत्ता जप्त केली. १८३० च्या दशकात बाकीच्या संघांचे मठही बंद केले. माणूस नाही तिथे छप्पर टिकत नाही. एकेक इमारत कोसळत गेली, चिरे लोकांनी दुसरीकडे वापरले.

बासिलिकेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर सेंट ऑगस्टीनचा मनोरा उभा आहे, ४६ मीटर उंच, अर्धा पडलेला. १८४२ मध्ये त्या चर्चचं छत कोसळलं. त्याची मोठी घंटा आता पणजीच्या चर्चमध्ये वाजते. तिथे जॉर्जिया देशाच्या केतेवान राणीचे अवशेष पुरलेले होते. १६२४ मध्ये इराणात मारल्या गेलेल्या या राणीचे अवशेष पाद्र्यांनी गोव्यात आणले होते. छत पडल्यावर जागाच हरवली. पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं, हाडं सापडली, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली आणि जुलै २०२१ मध्ये भारताने ते अवशेष जॉर्जियाला भेट दिले. एका छताकडे दुर्लक्ष झाल्यावर ठेवा परत सापडायला दीडशेहून जास्त वर्षं गेली.

बासिलिका टिकली कारण तिथे झेवियर यांचा देह होता. पाद्री गेले तरी भाविक येत राहिले. जेझुइटांनी जाताना खरा देह पळवला अशी अफवा उठली, तेव्हा १७८२ मध्ये देह तीन दिवस लोकांना दाखवला गेला. सार्वजनिक शवप्रदर्शनाची सुरुवात तिथून झाली. आता ते साधारण दर दहा वर्षांनी होतं. मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं. तेव्हा देह काचेच्या पेटीतून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात. पुढचं याच हिशेबाने २०३४ च्या सुमारास यायला हवं.

आता प्रश्न जांभ्याचा

ओल्ड गोव्यातली बाकीची चर्च पांढरी आणि एकटी बासिलिका लाल, हे कुणाच्याही लक्षात येतं. अनेकांना वाटतं ती आधीपासून अशीच. तसं नाही. बासिलिकेलाही चुन्याचा गिलावा होता, जुन्या फोटोंत ती गिलाव्यासकट दिसते. १९५० च्या दशकात पोर्तुगीज सरकारच्या दुरुस्तीत तो गिलावा खरवडून काढला. इमारत जुनी, भारदस्त दिसावी असा त्यामागे विचार होता. पोर्तुगालमध्ये ग्रॅनाइटच्या इमारती उघड्या ठेवता येतात, पण जांभा म्हणजे ग्रॅनाइट नव्हे.

जांभा काय आहे हे आपल्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. पण अंगात भोकं असतात. पाऊस लागला की पाणी पितो, आतली मऊ माती धुपून जाते, भोकं मोठी होतात, त्यात शेवाळ धरतं, पिंपळ-वडाचं रोप रुजतं. म्हणून तर जुनी माणसं जांभ्याच्या भिंतीला चुना लावत आणि पावसाच्या बाजूला माडाच्या चुडतांची झापं बांधत. गोव्यात पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. सत्तरेक पावसाळे या भिंतींनी उघड्या अंगावर घेतलेत.

आत त्याचा परिणाम होतो तो असा. भिंत ओल धरते. ओल लाकडी वेदीत उतरते. ओल्या लाकडाला वाळवी आणि बुरशी लागते. लाकूड फुगतं-आकसतं आणि वर्ख सुटतो. म्हणजे प्रश्न फक्त बाहेरच्या भिंतीचा नाही, आतल्या प्रत्येक वस्तूचा आहे. २०२० मध्ये छपराच्या दुरुस्तीचं काम लॉकडाऊनमध्ये अडकलं आणि पाऊस तोंडावर आला, तेव्हा चर्चच्या पाद्र्यांना जाहीर आवाहन करावं लागलं होतं.

यावर दोन मतं आहेत. वास्तू जपणारे तज्ज्ञ आणि चर्चमधली बरीच मंडळी म्हणतात की चुन्याचा गिलावा परत करावा, तेच मूळ रूप आहे. दुसरीकडे, लाल रूप आता लोकांच्या मनात बसलंय, पोस्टरवर, पुस्तकांत तेच आहे, ते बदलू नये असंही अनेकांना वाटतं. पण एक गोष्ट दोन्हीकडे पक्की आहे. गिलावा करायचा तर तो चुन्याचाच हवा. सिमेंटचा गिलावा आतली ओल कोंडून ठेवतो आणि चिरा आतून कुजवतो. चुन्यातून ओल बाहेर पडते. आपल्या गावातल्या जुन्या देवळांना, वाड्यांना सिमेंट मारण्याआधी हे लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

जवळच बघण्यासारखं

- से कॅथेड्रल : बासिलिकेच्या समोर, रस्त्यापलीकडे. काम १५६२ मध्ये सुरू होऊन १६१९ मध्ये पुरं झालं. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणून ओळखली जाणारी मोठी घंटा आहे. आतल्या सोनेरी वेदीवर संत कॅथरिनच्या आयुष्यातले प्रसंग आहेत.
- सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्च आणि पुरातत्त्व संग्रहालय : जमिनीत जुन्या घराण्यांच्या कोरीव कबरपाट्या. संग्रहालयात व्हाइसरॉयांची चित्रं.
- ख्रिस्ती कला संग्रहालय : सांता मोनिका मठात. १९९४ मध्ये राशोल सेमिनरीत सुरू झालं, २००२ मध्ये इथे आलं, दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये परत उघडलं. हस्तिदंत, चांदी, लाकूड, जरीची वस्त्रं असा संग्रह. गावोगावच्या चर्चमधल्या वस्तू एका जागी जवळून बघायच्या तर हीच जागा.

जाणार असाल तर

- रेल्वेने जायचं तर करमळी स्टेशन सगळ्यात जवळ. एसटीने किंवा गाडीने बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पणजी असा रस्ता. पणजी ते ओल्ड गोवा साधारण १० किलोमीटर, कदंबा स्टँडवरून बस मिळतात.
- बासिलिकेत प्रवेश मोफत. रविवारी सकाळी मिसा असतात, त्यामुळे बघायला म्हणून जायचं तर उशिरा जावं.
- फेस्त ३ डिसेंबरला असतं. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना चालते, गर्दी मोठी असते. शांतपणे बघायचं तर हे दिवस टाळावेत.
- खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घालावेत. प्रार्थना चालू असेल तर मागे थांबावं, मोबाईल सायलेंट ठेवावा. फोटोबद्दल दारावरची पाटी वाचावी.
- वेदी, चौथरा, कांस्य पाट्या यांना हात लावू नये. एका हाताच्या घामाने काही होत नाही, पण वर्षाला लाखो हात लागले तर कोरीव काम पुसून जातं.
- भिंतीच्या चिऱ्यावर नाव कोरणं हा गुन्हा आहे. संरक्षित स्मारकाला नुकसान केलं तर शिक्षा होते.

पुढच्या वेळी गाडी ओल्ड गोव्याला थांबली तर वीस मिनिटांऐवजी एक तास ठेवा. आधी बाहेरच्या भिंतीजवळ उभं राहून चिऱ्यातली भोकं बघा, मग आत जाऊन चांदीची पेटी बघा.